गव्हाचं सत्त्व

धायरी, शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

मुक्ता,

पत्राला मायना घातलेला नाही. 'प्रिय' वगैरे लिहिलं असतं तर तू तिथेच घडी घातली असतीस आणि हे पत्र तू शेवटपर्यंत वाचणं गरजेचं आहे.

हे भांडण मिटवायचं पत्र नाही. तीन वर्षांत मी तुला एकदाही 'घरी ये' म्हटलेलं नाही, आताही म्हणत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, तो तसाच राहू दे. काम एवढंच आहे की तुला रक्ताची एक तपासणी करून घ्यायची आहे. तिचं नाव तुझ्या बाबांनी वेगळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलंय, मला त्याचं स्पेलिंग जमत नाही.

उद्या महिन्यातला पहिला शनिवार. बाबा नेहमीप्रमाणे कंपनीतून सुटल्यावर हडपसरला अफशीनच्या आईकडे जातील. पण या वेळी त्यांच्या पिशवीत अफशीनने तुला आणून द्यायचा सत्त्वाचा डबा नसेल, नुसतं हे पाकीट असेल. नसीमबानू विचारतील, या वेळी डबा कुठंय म्हणून. तूही खराडीच्या तुमच्या फ्लॅटवर अफशीनला तेच विचारशील, किंवा विचारणार नाहीस. तुझं तू जाण.

झालं असं की डिसेंबरात गहू वाटताना मला चक्कर आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ. लोहाच्या गोळ्या मी किती वर्षं घेतेय ते तुला माहीतच आहे, तुझ्या शाळेपासून घेतेय. मग पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी दुर्बीण घालून आतडं पाहिलं आणि निकाल दिला. मला गहू चालत नाही. मला, जिच्या हातच्या कुरडया आणि सत्त्व निम्मी धायरी घेऊन जाते. आजाराचं नाव सीलिअ‍ॅक.

हा आजार आईकडून मुलांत उतरू शकतो म्हणतात. म्हणून तपासणी. तोवर पोळी बंद, ब्रेड बंद, बिस्किटं बंद, आजपासूनच. माझं सत्त्व घरात उरलं असेल तर फेकून दे. ते तू आधीच फेकत असशील तर उत्तमच.

केस कसे आहेत, हे विचारत नाही.

आई


धायरी, सोमवार, ६ जानेवारी

मुक्ता,

घाईत लिहितेय. परवाच्या पत्रात मी चूक केली आहे. आज डॉक्टरांकडे गेले होते, फुशारकीने सांगितलं की मुलीलाही गहू बंद करायला कळवलं. त्या माझ्यावर चक्क ओरडल्या. म्हणाल्या, "अहो, तपासणीआधी गहू बंद केला तर रिपोर्ट नॉर्मल येईल, आणि मग ती जन्मभर तेच खात बसेल. कोणी सांगितलं तुम्हाला हे शहाणपण?"

तर पोळी खा. तपासणी होईपर्यंत रोज खा, दोन्ही वेळेला खा. ती झाली की मग थांबव, तेही डॉक्टर सांगतील तेव्हा. बाबांना फोनवर हे नीट सांगता यायचं नाही, म्हणून ते उद्या रजा टाकून हे पत्र पोचवणार आहेत. तुझ्या बाबांनी रजा टाकली म्हणजे काय ते तुला कळेल. माझ्या ऑपरेशनच्या दिवशीही ते अर्धा दिवस कामावर जाऊन आले होते.

आता लिहायला बसलेच आहे तर डॉक्टरांनी काय सांगितलं तेही लिहिते. आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. खाल्लेलं अन्न ती लव शोषून घेते. गव्हात जो चिवट भाग असतो, तो आपल्यासारख्यांना सोसत नाही. तो खाल्ला की ती लव झिजत जाते, आणि मग कितीही चांगलंचुंगलं खा, अंगी लागत नाही. लोह तर नाहीच नाही. शरीराकडे कमी पडायला लागलं की ते हृदयाला देतं, मेंदूला देतं, आणि केसांचं बंद करतं. म्हणजे पोटातली लव आधी झडते आणि मग डोक्यावरचे केस. सगळ्याच बायकांचे केस यानं जात नाहीत, थायरॉइड असतो, बाळंतपण असतं, काहींचं घराण्यातच असतं, हेही त्यांनी दोनदा बजावलं. पण ज्या बाईला वर्षानुवर्षं गॅसेस, तोंड येणं, जुलाब आणि न वाढणारं रक्त आहे तिच्या केसांना तेल चोळत बसू नये, म्हणाल्या.

मी तुझ्या डोक्यावर काय काय चोळलंय. माका, जास्वंद, कांद्याचा रस. तू एकोणीस वर्षांची होतीस, मोरीच्या जाळीवर रोज तुझ्या केसांचा गुंता साठायचा आणि मी तो तुला दाखवायची, जणू तूच मुद्दाम टाकला होतास. जेवल्यावर पोट फुगतं म्हणायचीस तेव्हा मी नखरे म्हणायची. डोक्याच्या खाली काही असतं हे मला सुचलंच नाही.

आणखी एक. डॉक्टर म्हणाल्या, जरा अंबाडा सोडा, टाळू पाहू दे. मी म्हटलं, राहू द्या ना. त्या म्हणाल्या, सोडा. मग मी पिना काढल्या आणि गंगावन त्यांच्या टेबलावर ठेवलं. बाबा शेजारी बसले होते, ते खिडकीबाहेर पाहायला लागले.

हो. तुझ्या आईचा तो हाताच्या मुठीएवढा अंबाडा, ज्याची तुझ्या आत्या अजून तारीफ करतात, तो उसना आहे. तू तिसरीत होतीस तेव्हापासून. बाबांना माहीत होतं, बाकी कोणाला नाही. तुलाही नाही. मी तू उठायच्या आधी वेणीफणी उरकायची.

शनिवारी डिसेंबरचा डबा परत आला. तळाशी नेहमीसारखी चमचाभर साखर. डबा रिकामा परत करू नये हे आजकालच्या मुलींना कुठे माहीत असतं, पण अफशीनला वळण चांगलं आहे. तिला माझा आशीर्वाद सांग.

तपासणी कर.

आई

(त्या दिवशी मी जे एक वाक्य बोलले त्याबद्दल आज लिहिणार नाही. तुला ते पाठ असेलच.)


धायरी, रविवार, २ फेब्रुवारी

मुक्ता,

महिना होत आला. तू तपासणी केलीस की नाही ते कळत नाही. दर पंधरा दिवसांनी तू बाबांना फोन करतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते, हे तुला ठाऊक आहे. "बरी आहे, बरं आहे, ठेवतो." एवढ्यात काय कळणार. मी विचारलं, तपासणीचं बोलली का? तर म्हणाले, "विचारलं. म्हणाली, बघते." मुक्ता, तुझं 'बघते' मला लहानपणापासून माहीत आहे.

काल बाबा पुन्हा हडपसरला गेले होते. डबा नव्हता, काम नव्हतं, तरी मी पाठवलं. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. महिनाभर मी देवापुढे एकच मागणं मागत होते की माझ्या लेकीने माझ्यावरच्या रागाने ते सगळे डबे कचऱ्यात ओतलेले असू देत. मनापासून सांगते, तुझा राग खरा असू दे असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

अफशीन घरी होती. बाबांनी विचारलं. ती काय म्हणाली ते बाबांनी आल्याआल्या मला जसंच्या तसं सांगितलं, आणि मग चप्पल न काढता तसेच खुर्चीत बसून राहिले.

"फेकते? काका, ती एक चमचासुद्धा मला देत नाही. ऑफिसमधून दमून आली, दुसरं काही खाल्लं नाही तरी ते दुधात शिजवून खाते. मग पोट धरून बसते. मी म्हटलं, सूट होत नाहीये यार, सोड ना. तर म्हणते, आईच्या हातचं आहे, त्यानं काय होणार."

बाबांनी माझा आशीर्वाद सांगितला, साखरेबद्दल. तर ती हसायला लागली म्हणे. "मी कुठे? ती स्वतः घालते. एकदा साखर संपली होती तर खालच्या दुकानात जाऊन आणली, तेव्हा डबा माझ्या हातात दिला."

तीन वर्षं मी ती साखर चहात टाकून प्यायले, मुक्ता. अफशीनला वळण चांगलं म्हणत.

आता ते सत्त्व कसं करते ते तुला माहीत आहे. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून पिळून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, खालचा थर सावलीत वाळवायचा. तुझ्या डब्याचा गहू मी वेगळा निवडायची, दाणा अन् दाणा. विकायच्या सत्त्वापेक्षा तुझं जास्त वेळा गाळायची. लेकीच्या अंगी लागावं म्हणून. डॉक्टरांना विचारलं, इतकं गाळल्यावर तरी तो चिवट भाग जात असेल ना? त्या म्हणाल्या, घरी पूर्ण जात नाही. मी तुला महिन्याच्या महिन्याला आजार पाठवत होते, आणि तू तो साखर घालून परत करत होतीस.

म्हणून ते वाक्य आज लिहिते.

नोव्हेंबर एकवीसचा तो रविवार. दिग्विजयच्या घरची मंडळी पाहायला येणार होती. तू म्हणालीस, "आई, आहे तसं दाखवू या ना. पुढे कळणारच आहे." मी म्हटलं, पुढचं पुढे, आणि माझ्या कपाटातलं नवं गंगावन तुझ्या वेणीत गुंफलं. तू विचारलंस, हे तुझ्याकडे कसं? मी म्हटलं, आणून ठेवलं होतं. पोहे झाले, बोलणी बरी झाली. निघताना त्या मुलाच्या काकूंनी तुला कुंकू लावलं आणि गजरा माळायला गेल्या. त्यांनी पिन खोचली, ओढली, आणि वेणी त्यांच्या हातात आली. त्या बाई ती वेणी धरून म्हणाल्या, "हे आम्ही घेऊन जायचं, की तुम्हाला परत हवंय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. तूही पाहत होतीस. आणि मी म्हटलं, "मला काही कल्पना नाही बाई. हिनं कधी लावलं कोण जाणे."

हे वाक्य. लिहिलं. ते बोलताना माझ्या स्वतःच्या डोक्यावर दुसऱ्याचे केस होते. कोणी माझाही अंबाडा ओढून पाहील या भीतीने मी तुला पुढे केलं. तू एक शब्द बोलली नाहीस, त्यांच्यासमोरही नाही आणि नंतर माझ्याशीही नाही. तू खरं सांगितलं असतंस तर माझी लाज गेली असती. तू तुझी जाऊ दिलीस.

मला क्षमा कर असं लिहिण्याचा मला हक्क आहे की नाही, माहीत नाही. मला तुझी आठवण येते आणि मी फार मोठी चूक केली, एवढं लिहिते.

काल शेजारच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. मी गंगावन न लावता गेले. यजमानीणबाई गजरा घेऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांना खोचायला जागा सापडेना. मी म्हटलं, हातात द्या, वास घेईन. मग तिळगूळ खाऊन घरी आले. काही झालं नाही, मुक्ता. आभाळ जागेवर होतं.

तपासणी कर. माझ्यासाठी नको करूस.

आई


धायरी, रविवार, २ मार्च

मुक्ता,

काल बाबांनी तुझी चिठ्ठी आणून दिली. अफशीनच्या आईने एका वाटीत साखर घालून त्यात खोचून दिली होती. अडीच ओळी. "रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली. दुर्बिणीची तपासणी बुधवारी आहे, अफशीन सोबत येतेय. तू गोळ्या वेळेवर घे." वर नाव नाही, खाली नाव नाही. मी ती देवघरात ठेवली आहे. बाबा म्हणाले, मेडिकलचा कागद देवघरात काय ठेवतेस. मी म्हटलं, तुम्ही तुमचा पेपर वाचा.

रडले. वाईट वाटून किती आणि सुटकेने किती, ते वेगळं काढता आलं नाही. तुला आजार आहे म्हणून रडायचं, की त्याला नाव आहे, आणि औषध म्हणजे फक्त एक धान्य टाळणं आहे, म्हणून देवाचे आभार मानायचे. एकोणीसपासून बत्तीसपर्यंत तू जे सोसलंस ते नखरे नव्हते, हे कागदावर छापून आलं. हे मी ओळखायला हवं होतं. मला तोच आजार होता आणि मी ओळखलं नाही, कारण मी माझंही लपवत होते.

हे पत्र बाबा उद्याच पोचवतील, म्हणून लिहिते, बुधवारी उपाशीपोटी जायचं असतं. घशावर फवारा मारतात, तो कडू असतो, घाबरू नकोस. नंतर तासभर काही गिळायचं नाही. अफशीनला सांग, तुझी पिशवी तिनेच धरावी, तू झोपेत असशील.

एक गोष्ट मी न विचारता केली. दिग्विजयच्या काकूंना फोन केला. नंबर जुन्या डायरीत होता. आठ दिवस धीर गोळा करत होते. म्हटलं, मी धायरीहून दीपमाला बोलतेय, एकवीस साली तुम्ही आमची मुलगी पाहायला आला होता. त्या दिवशी ते गंगावन माझ्या मुलीने लावलं नव्हतं, मी लावलं होतं, आणि मी तुमच्यासमोर खोटं बोलले.

त्या म्हणाल्या, "माफ करा, कोण म्हणालात? आम्ही तेव्हा तेरा-चौदा मुली पाहिल्या हो. मला काही आठवत नाही."

फोन ठेवून मी तशीच बसले. ज्या बाईसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी तुला गमावलं, तिला आपण आठवतही नाही.

आई


धायरी, शुक्रवार, ४ एप्रिल

मुक्ता,

दुर्बिणीचा निकाल बाबांनी सांगितला. आता गहू कायमचा बंद. रवा, मैदा, हिंगातही कणीक असते ती बघून घ्यायची, सोया सॉस, बिअर, सगळं. बिअरचं मी डॉक्टरांकडून ऐकलं म्हणून लिहिलं, तू घेतेस की नाही ते मी विचारलेलं नाही.

केसांचं त्यांनी असं सांगितलं की पोट आधी भरून येईल, मग रक्तातलं लोह वाढेल आणि मग केस. सहा महिने, वर्ष. सगळे परत येतील असं वचन त्या देत नाहीत, आणि जो देईल त्याच्याकडे जाऊ नका म्हणाल्या. माझ्या कपाळावर बारीक कोंब दिसताहेत. बाबा म्हणतात, भास आहे. त्यांचा चष्मा जुना आहे.

गव्हाचं काम मी बंद केलं. चाळण्या, सोऱ्या, वाटायचं यंत्र, सगळं शेजारच्या बचत गटाला देऊन टाकलं. पाच दिवस स्वयंपाकघर धुतलं. गिऱ्हाइकं विचारतात, यंदा कुरडया नाहीत? मी सांगते, माझ्या पोटाला चालत नाही आणि माझ्या लेकीच्याही. पुढे कोणी विचारलं तर केसांचंही सांगते. परवा एक नवी बाळंतीण आली होती, तिने डोक्यावरचा रुमाल काढून मला टाळू दाखवली. मी तिला आधी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. बाळंतपणानंतरचं आपोआप भरूनही येतं, म्हटलं, पण मी तेलवाली बाई नाही आणि डॉक्टरही नाही.

उद्या पहिला शनिवार. बाबांच्या पिशवीत डबा आहे. घाबरू नकोस, नाचणीचं सत्त्व आहे. नाचणीही तशीच भिजवायची, वाटायची, गाळायची असते, हाताला नवीन काही शिकावं लागलं नाही. चाळणी नवी, फडकं नवं, डबाही नवा, कारण जुन्याच्या झाकणाच्या खाचेत काय अडकून राहिलं असेल याचा भरवसा नाही. डॉक्टरांना दाखवून विचारलंय. तरी आधी एक चमचा खाऊन बघ, पोट काय म्हणतं ते ऐक. दुखलं तर फेकून दे. माझ्या हातचं आहे म्हणून खाऊ नकोस.

आणि डब्यात साखर घालू नकोस. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे मीच तुला शिकवलंय. पण ते दुसऱ्याच्या डब्याचं झालं. आपल्या घरी लेकीने रिकामा डबा आणला तर कोणी काही म्हणत नाही, लेक तो भरून न्यायलाच आणते.

रिकामाच आण. फक्त बाबांबरोबर पाठवू नकोस, तू घेऊन ये.

आई